पहिली हाक

लाल सिग्नलला गाडी उभी होती आणि शेजारी बसलेली माझी शिकाऊ पहिला गिअर शोधत होती. बाई दातांची डॉक्टर. लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालते, पण गिअरच्या दांड्याला बोट लावताना तिला घाम फुटतो. "डॉक्टर, डावीकडे आणि वर," मी म्हटलं. "डावीकडे हो. ते उजवं झालं." मागचे लोक हॉर्न बडवायला लागले. मी वैतागून बाहेर बघितलं, तर दुकानाच्या काचेत राकू! सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला तरी मला पत्ता नाही. शेवटी डॉक्टरच म्हणाली, "मास्तर, मी तिसऱ्यात टाकलाय वाटतं."

राकू कुणाला आठवत असेल-नसेल, म्हणून सांगतो. मी दहा वर्षांचा असताना आलेला खेळ. मुठीत मावेल एवढं यंत्र, करडा पडदा, तीन बटणं. आत एक अंडं. ते फुटून राक्षसाचं पिल्लू बाहेर यायचं. त्याला खाऊ घालायचं, त्याची घाण काढायची, त्याला झोपवायचं आणि त्यानं हाक मारली की बघायचं. तुम्ही कसं वाढवता त्यावर ते मोठेपणी काय होणार ते ठरायचं. राकू एक आला, दोन आला, तीन आला, मग कंपनीचं दिवाळं वाजलं आणि आम्हीही मोठे झालो. आणि आता इतक्या वर्षांनी हा चौथा, रंगीत, पुस्तकाएवढ्या पडद्याचा.

आता यातली गोम ऐका. राकू टीं टीं करून हाक मारायचा, पण प्रत्येक हाक खरी नसायची. पोट भरलेलं, जागा स्वच्छ, तब्येत ठणठणीत, तरी बोंबलायचा. त्या खोट्या हाकेला धावलात की तो लाडावायचा, आणि लाडावलेल्या राकूचा शेवटी एक मऊ गोळा व्हायचा. वर्गात सगळ्यांचे गोळे झाले होते. शिंगाड्या झाला तो फक्त माझा. दोन वाकडी शिंगं, छाती पुढे, कुणाच्या बापाला भीत नाही असा. कारण एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली होती आणि बाकीच्या गाढवांच्या शिरली नव्हती: खोटी हाक एकदाच येते. खरी असेल तर राकू थोड्या वेळानं परत मारतो. म्हणून पहिल्या हाकेला जायचं नाही. गप्प बसून वाट बघायची. शिंगाड्या झाला त्या दिवशी सगळा वर्ग माझ्याभोवती कोंडाळं करून उभा होता. तेवढी माणसं माझ्याभोवती पुन्हा कधी जमली नाहीत, लग्नातसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर ती अक्कल मी पुढे सगळीकडेच चालवली. फोन पहिल्यांदा वाजला की मी घेत नाही, काम असेल तर परत करतील. माझी मुलगी, भिंगरी, तान्ही असताना रडायला लागली की तिची आई धडपडत उठायची आणि मी तिचा हात धरायचो. "थांब. आपोआप गप्प होईल." आणि व्हायची हो! दोन महिन्यांत पोर अशी गप्प झाली की शेजारी विचारायचे, तुमच्या घरात बाळ आहे ना? मी हे चारचौघांत कौतुकानं सांगायचो. तिची आई तेव्हा काही बोलायची नाही. सात वर्षांनी घर सोडताना बोलली, आणि मग थांबलीच नाही.

त्याला दोन वर्षं झाली. भिंगरी आता नऊ वर्षांची. शनिवारी दहा ते पाच ती माझ्याकडे. कोर्टानं नेमलेल्या समुपदेशनाच्या बाईंनी सांगितलं होतं, तीन महिने असं चालू द्या, मग मी मुलीला एकटीला बसवून विचारीन, बाबांकडे शुक्रवार ते रविवार राहायला आवडेल का? ती हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही. मला विचारणार नव्हत्या आणि तिच्या आईलाही नाही. मला दुसरं काही नको होतं. मागच्या खोलीत ड्रायव्हिंग स्कूलचे भगवे शंकू आणि जुने टायर पडलेले होते, ते मी एका रविवारी खाली नेऊन टाकले, भिंती पुसल्या, पलंग आणला. त्या पलंगावर माझी पोरगी झोपलेली बघायची होती, बस.

पण शनिवार काही धड जात नव्हते. भिंगरी यायची, बूट काढून सरळ रेषेत ठेवायची आणि दप्तर मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसायची. भिंगरी हे नाव ती घरभर गरगर फिरायची म्हणून पडलं होतं. आता दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी बसायची. मी विचारायचो, "शाळा काय म्हणते?" ती म्हणायची, "काही नाही." मी म्हणायचो, "अंडं खातेस?" ती म्हणायची, "चालेल." मग आम्ही दोघं घड्याळाकडे बघायचो. म्हणून त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना गाडी कडेला घ्यायला लावली, तिनं ती फुटपाथवर घेतली, आणि मी जाऊन राकू घेऊन आलो.

पुढच्या शनिवारी अंडं फुटलं आणि भिंगरी हसली. अगदी मोठ्यानं, नाक मुरडून, पूर्वी हसायची तशी. आतून एक निळसर, ढेरपोट्या, एका दाताचा प्राणी बाहेर आला आणि स्वतःच्याच शेपटीला अडखळून पडला. "हा गोटू," ती म्हणाली. दप्तर कधी जमिनीवर गेलं तिला कळलं नाही. मी तिला शिंगाड्याची गोष्ट सांगितली, सगळी, कोंडाळ्यासकट. ती डोळे मोठे करून ऐकत होती. "म्हणजे बाबा, तू राकूमधला मास्तर आहेस?" मी म्हटलं, "मग! तुला काय वाटलं, नुसता क्लचचा?"

पाच वाजता तिनं यंत्र दप्तरात घालायला घेतलं. मी म्हटलं, "हे इथेच राहू दे." माझी लबाडी होती, कबूल करतो. गोटू माझ्याकडे राहिला तर तिला यावंसं वाटेल. पण नवा राकू आठवड्याचे सातही दिवस जागा असतो, ठेवून दिला म्हणून थांबत नाही. "मग त्याला कोण बघणार?" तिनं विचारलं. "मी आहे ना." तिनं वहीचं पान फाडून मला लिहून दिलं: सकाळी पाव, दुपारी फळ, आंघोळ, झोपताना दिवा बंद, आणि हाक मारली की लगेच जाणे. 'लगेच'च्या खाली दोन रेघा. न्यायला आलेली तिची आई दारातच उभी होती. तिनं ते पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तिनं फोन केला तर उचलत जा. तेवढं कर."

मी गोटूला जीव लावला, हे खोटं नाही. यंत्र गाडीत डॅशबोर्डवर ठेवायचो. पाव, फळ, आंघोळ, एक दिवस चुकला नाही. पण माझ्या मनात काही वेगळंच शिजत होतं. शेवटच्या शनिवारी, समुपदेशनाच्या बाई तिला विचारणार त्याच्या दोनच दिवस आधी, मी तिच्या हातात शिंगाड्या ठेवणार होतो. छाती पुढे, शिंगं वर. मग ती पोरगी नाही कशाला म्हणेल? अडचण एवढीच की नव्या खेळातून रागवायचं बटणच काढून टाकलं होतं मूर्खांनी! थोपटा, खेळवा, ऐका, असली बटणं. सगळा लाडांचा कारभार. शिस्त लावायची तर एकच रस्ता उरला, तो मला पाठ होता.

"मास्तर, ते काहीतरी वाजतंय," डॉक्टर म्हणायची.

"वाजू दे. आपोआप गप्प होतं. तुम्ही आरशात बघा."

"माझं लक्ष जातं हो तिकडे. रडल्यासारखं वाटतं."

"खोटं रडतोय. पोट भरलंय त्याचं. ब्रेक! डॉक्टर, ब्रेक!" आणि माझ्या बाजूचा ब्रेक मीच दाबायचो.

आणि उपाय लागू पडला. पहिल्या आठवड्यात गोटू दिवसातून वीस वेळा बोंबलायचा, तिसऱ्यात दहा, सहाव्यात चार-पाच. परत मारलेली हाक जवळजवळ नाहीच. म्हणजे सगळ्या खोट्याच होत्या की नाही? भिंगरीचे फोनही तसेच. सुरुवातीला रोज संध्याकाळी सात वाजता फोन. पहिल्यांदा वाजला की मी हातातलं काम आवरायचो, दुसऱ्यांदा वाजला की घ्यायचो. "गोटूनं हाक मारली का रे बाबा? तू गेलास का?" मी म्हणायचो, "हो गं, सगळं बघतो मी." मग फोन दिवसाआड आले, मग एकदाच वाजून थांबायला लागले, मग बंद झाले. मला वाटलं, पोरीला अभ्यास असेल. मला वाटलं, समजूतदार झाली.

गोटू आल्यापासूनच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या आधीच्या शनिवारी तिनं विचारलं, "बाबा, हा असा का बसतो?" गोटू कोपऱ्यात, पडद्याकडे पाठ करून बसला होता. मी हसलो. जुन्या राकूत शिंगं यायच्या आधी दोन-तीन दिवस सगळे असेच पाठ करून बसायचे. आम्हा जुन्या खेळाडूंना ती खूण माहीत होती, बाकीचे घाबरून औषध द्यायचे आणि वाट लावून घ्यायचे. "अगं, ही चांगली खूण आहे. बघच तू." तिनं पडद्यावरून एक बोट फिरवलं. गोटू तेवढ्यापुरता वळला, तिच्या बोटापाशी आला, पडला, उठला. ती हसली, पण थोडंसंच. "नक्की ना?" "मी मास्तर आहे की नाही?" ती हो म्हणाली. माझ्यावर विश्वास टाकला तिनं.

शेवटच्या शनिवारी सकाळी गोटूनं हाक मारली नव्हती, त्याच्या आदल्या दिवशीही नाही. मी मुद्दाम यंत्र उघडलं नाही, म्हटलं तिच्याच हातानं उघडू दे. शिंगाड्या पहिल्यांदा तिलाच दिसू दे. टेबल पुसून मधोमध ठेवलं. भिंगरी आली, बूट काढले, धावत येऊन तिनं बटण दाबलं.

घरटं रिकामं होतं. खाली अक्षरं आली आणि ती तिनं वर्गात धडा वाचतात तशी मोठ्यानं वाचली. "गोटू निघून गेला आहे. तो सुखरूप आहे. त्याला दुसरं घर मिळालं. त्यानं मारलेल्या हाका खाली दिल्या आहेत."

हे जुन्या खेळात नव्हतं. देवाशपथ नव्हतं. एकेक हाक, वार, वेळ आणि कारण. भिंगरी वाचत राहिली. "सोमवार सकाळ, भूक. सोमवार दुपार, मोठा आवाज आला. मंगळवार, शेपूट अडकली. मंगळवार, काही नाही, तुम्ही आहात का ते बघितलं. बुधवार, काही नाही, तुम्ही आहात का ते बघितलं." पुढची दोन पानं तेच. काही नाही, तुम्ही आहात का ते बघितलं. तिनं एकही ओळ गाळली नाही.

"पुरे," मी म्हणालो. "कसला भिकार खेळ केलाय! जुन्यात असलं काही नव्हतं."

"म्हणजे सगळ्या खऱ्या होत्या?"

"या नव्यात. जुन्यात खोट्या असायच्या."

"तुला कसं कळायचं?"

"परत मारली नाही म्हणजे खोटी. सोपं आहे."

तिनं विचार केला. नऊ वर्षांची पोरं विचार करतात तेव्हा खालचा ओठ चावतात, ती नुसती बसली. "किंवा दमला असेल," ती म्हणाली.

मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, दुसरं अंडं मिळतं. आत्ता घेऊ. यावेळी तू म्हणशील तसं." ती आता रडेल, आदळआपट करेल, आईला फोन लाव म्हणेल, याची मी तयारी ठेवली होती. तिनं यंत्र बंद केलं, टेबलाच्या कडेशी सरळ ठेवलं आणि म्हणाली, "नको. ठीक आहे, बाबा." आणि मला काय वाटलं असेल? सुटलो! इतकं हलकं वाटलं की मी अंडी उकडायला टाकली. आजही ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सोमवारी समुपदेशनाच्या बाईंचा फोन आला. दोनदा वाजला, मी घेतला. "हो म्हणाली मुलगी. काही अट नाही, तक्रार नाही. फार शहाणी आहे हो." मी शंकूंच्या मैदानात उभा होतो. डॉक्टर उलट्या गिअरमध्ये तिसरा शंकू पाडत होती आणि मी टाळ्या वाजवत होतो. ती बिचारी खूश झाली, तिला वाटलं तिच्यासाठीच.

शुक्रवारी संध्याकाळी भिंगरी आली. मागची खोली बघून "छान आहे" म्हणाली. चादर निळी आणली होती, तीही "छान आहे." जेवताना "चालेल." पाणी हवं तर स्वतः उठून घेतलं, पेला धुऊन पालथा घातला. दिवा मी मालवायच्या आधी तिनंच मालवला. शनिवारी दिवसभर पुस्तक घेऊन पलंगावर. मी दोनदा डोकावलो, "काही हवंय का गं?" "नाही, बाबा." काय गुणाची पोर, मी मनाशी म्हटलं. तिच्या आईला फोन करून सांगितलंसुद्धा, बघ, काही त्रास नाही, काही मागणं नाही.  ती पलीकडून हळू आवाजात म्हणाली, "ती माझ्याकडे मागते."

रविवारी सकाळी नऊ वाजले तरी ती उठली नाही म्हणून मी आत गेलो. भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशीवर पिवळसर ओला डाग, कानाखाली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. "अगं, काय झालं? कधीपासून?"

"कान दुखत होता," ती म्हणाली. "आता कमी झालाय."

"कधीपासून दुखत होता?"

"शुक्रवारी इथे आले तेव्हापासून."

मी तिला उचलली. नऊ वर्षांची पोर, हाताला काही लागलीच नाही. रविवारी उघडा असलेला दवाखाना गाठेपर्यंत मी दोन सिग्नल तोडले, आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी कानात दिवा टाकून बघितलं आणि माझ्याकडे मान वर केली. "पडदा फुटलाय. पू साठून साठून फुटलाय. म्हणूनच आता कमी दुखतंय. त्याआधी फार दुखलं असणार. मोठी माणसं ओरडतात यात. दोन रात्री रडली असेल ना ही?"

 मधे एक पातळ भिंत होती. मी शांत झोपलो होतो.

डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "काय गं बाळा, बाबांना हाक नाही मारलीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टर मला बोलतील याची तिला काळजी वाटत होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. माझी बाजू सावरून घेत होती ती. "मारणार होते," ती म्हणाली. "मग म्हटलं, राहू दे."

डॉक्टरांनी काडीला कापूस गुंडाळला. "आता साफ करताना दुखेल हं. ओरडायचं असेल तर ओरड." मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, नुसता ठेवला माझ्या हातात. काडी आत गेली तसं तिचं सगळं अंग ताठ झालं, डोळ्यांतून पाणी आलं, ओठ घट्ट मिटलेले. ओरड गं, मी मनात म्हणत होतो. बाई माझे, एकदा ओरड, शिव्या दे, चाव मला, मी इथे आहे. डॉक्टर काम करत राहिले. ती ओरडली नाही.

"किती शहाणी मुलगी आहे हो तुमची," डॉक्टर म्हणाले.